पिल्लांच्या आधी त्यांचा घास

अल्पाइन न्यूटची जोडी माझ्याकडे आली तेव्हा त्यांना पिल्ले होतील आणि ती आपल्याला वाढवावी लागतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. शेपटीसह जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचे आणि गर्द नारिंगी पोटाचे हे उभयचर प्राणी एका अनुभवी पाळणाऱ्याकडेच जन्मलेले आणि वाढलेले होते. "त्यांना गारवा द्या, बाकी ते तुम्हाला काही त्रास देणार नाहीत," असे त्यांनी मला सांगितले होते, आणि मोठ्या न्यूटच्या बाबतीत ते अक्षरशः खरे निघाले. थंडीचे महिने त्यांनी घरातल्या सर्वांत गार खोलीत जवळजवळ न खाता काढले. थंडी सरली तशी नराच्या अंगावर निळी झाक चढली, पाठीच्या मधोमध ठिपक्यांची बुटकी झालर उभी राहिली, आणि तो मादीच्या पुढ्यात जाऊन शेपूट अंगालगत दुमडून ती भराभर हलवू लागला. नर शुक्राणूंची पुडी टाकीच्या तळाशी ठेवतो आणि मादी ती स्वतः उचलून घेते, हे मी वाचले होते. प्रत्यक्षात तो क्षण मात्र मला एकदाही पाहायला मिळाला नाही.

अंडी घालणे मात्र तासन्‌तास पाहता आले. मादी पाणवनस्पतीच्या फांदीवर येते, एखादे पान हुंगते, नापसंत पडल्यास सोडून देते आणि पुढच्या पानाकडे वळते. मनासारखे पान सापडले की ती ते मागच्या दोन्ही पायांनी धरून पोटाखाली ओढते, घडी घालावी तसे मधोमध दुमडते आणि बराच वेळ तशीच स्तब्ध राहते. ती निघून गेल्यावरही ती घडी उलगडत नाही, कारण आत एकच अंडे असते आणि त्याच्या चिकट आवरणाने पानाच्या कडा एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी अंडे आणि त्याभोवती पारदर्शक गर, असा तो ऐवज असतो. एकेक करत ही मादी कित्येक आठवडे अंडी घालत राहते आणि एका हंगामात तिची अंडी सहज शंभरावर जातात. खऱ्या पानांच्या जोडीने मी प्लास्टिकच्या पिशवीच्या बोटभर लांब, अरुंद पट्ट्या कापून टाकीत सोडल्या होत्या. तिने त्याही आनंदाने दुमडल्या, आणि त्या उचलून दुसरीकडे ठेवणे पानांपेक्षा सोपे गेले. अंडी हलवावीच लागतात, कारण आईबापांना आपल्या अंड्यांची काडीइतकीही माया नसते. सापडले तर ते खाऊन टाकतात.

पहिल्या वर्षी मी ६२ अंडी उथळ डब्यांत ठेवली. १७-१८ अंश सेल्सिअस तापमानाला ती उबायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले आणि तो सगळा काळ मी भिंग हातात घेऊनच वावरत होते असे म्हणायला हरकत नाही. वाटोळा ठिपका आधी लांबट झाला, मग घेवड्याच्या दाण्यासारखा वाकला, मग त्याला डोके आणि शेपूट असल्याचे कळू लागले, आणि शेवटच्या आठवड्यात तो त्या गरात अचानक कूस बदलू लागला. काही अंडी सुरुवातीलाच पांढरट झाली आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली. ती रोज चिमट्याने वेगळी काढली, कारण ही बुरशी मेलेल्या अंड्यावरून लगतच्या जिवंत अंड्यावर पसरते. बुरशी येऊ नये म्हणून पाण्यात औषधी रंग घालणारे लोक आहेत. मी मात्र अंडी एकमेकांपासून सुटी ठेवण्यावर भागवले आणि ते पुरले. जाता जाता एक सांगून ठेवते. कलगीवाल्या, म्हणजे ट्रायट्युरस वंशातल्या, न्यूटची निम्मी अंडी काहीही केले तरी मरतातच, कारण त्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रातला दोष आनुवंशिकतेच्या नियमानेच निम्म्या गर्भांना मारतो. ते न्यूट पाळणाऱ्या नवख्या माणसाने त्याचे खापर स्वतःच्या माथ्यावर फोडून घेऊ नये. माझ्या न्यूटना ती सबब नव्हती.

६२ पैकी ४१ अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. शास्त्रीय मराठीत त्यांना डिंभ म्हणतात, पण रोज सकाळी ज्यांची मोजदाद करायची त्यांना पिल्लेच म्हटले जाते. सेंटिमीटरपेक्षाही किंचित लहान, काचेसारखे अंग, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले, आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक काडी. त्या काड्या पाहून मला आधी वाटले की पिल्लांत काही व्यंग आहे. त्या म्हणजे तोल सांभाळण्यासाठी निसर्गाने दिलेल्या तात्पुरत्या टेकू असतात. पुढचे पाय अजून नुसते कोंब असतात, तोवर पिल्लू या चिकट टोकाच्या काड्यांवर डोके टेकून तळाशी किंवा पानावर बसते. पाय कामाला लागले की थोड्याच दिवसांत त्या नाहीशा होतात.

पहिले काही दिवस पिल्लू काहीच खात नाही. पोटातल्या पिवळ्या बलकावर त्याचे भागते. हे दिवस पाळणाऱ्याला मिळालेली मुदत असते आणि मी ती वाया घालवली. पिल्ले हलत नाहीत, खात नाहीत, सगळे कसे निवांत आहे, असे मला वाटत राहिले. बलक संपल्यावर मी माशांच्या पिल्लांसाठी मिळणारी बारीक भुकटी पाण्यात टाकली. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. न्यूटच्या लहान पिल्लाच्या लेखी जे हलते तेच अन्न असते. नाकासमोरून काहीतरी जिवंत वळवळत गेले तरच ते त्यावर झडप घालते. न हललेली भुकटी तळाशी कुजली आणि पाणी दुधाळ झाले.

मग धावपळ करून मी आर्टेमियाची अंडी आणली. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला झिंग्याच्या जातकुळीतला सूक्ष्म जीव. त्याची सुकी अंडी डबाबंद मिळतात, आणि त्यांतून निघणारी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटी पिल्ले हे उभयचर आणि मासे या दोहोंच्या पिल्लांचे जगभरचे बाळकडू आहे. एका लिटर पाण्यात साधारण २५ ते ३० ग्रॅम मीठ, २५ ते २८ अंशांची ऊब, वर उजेड आणि एअर पंपाने सतत खळबळते ठेवलेले पाणी मिळाले की ती दीड दिवसाच्या आत उबतात. माझा डबा जुना होता. उघडून कितीतरी महिने कपाटात पडलेला तो कुणीतरी सद्‌भावनेने दिला होता, आणि त्यातली जेमतेम दहातली एक अंडी उबत होती. नवा डबा येईपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत पिल्लांची डोकी अंगापेक्षा मोठी दिसू लागली, पोटे खपाटीला गेली, आणि रोज सकाळी तळाशी दोन-तीन पांढरे धागे दिसू लागले. त्या वर्षी ४१ पैकी पायांवर जमिनीवर आली ती फक्त ९. न्यूटची पिल्ले वाढवायची म्हणजे आधी त्यांचा घास वाढवायचा, हे एवढ्या किमतीला मला कळले, आणि इतर सगळ्या गोष्टी त्याच्या मागून येतात असे माझे आजही मत आहे.

दुसऱ्या वर्षी पहिले दुमडलेले पान दिसले त्याच दिवशी मी आर्टेमियाच्या नव्या डब्यातली चिमूटभर अंडी उबवून पाहिली आणि डॅफ्नियाची बरणी लावली. डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातल्या पाणपिसवा. त्यांना हिरवे झालेले, शेवाळलेले पाणी किंवा पाण्यात कालवलेले अगदी थोडे यीस्ट पुरते. यीस्ट जरा जास्त झाले की पाण्यातला प्राणवायू संपून सगळी बरणी एका रात्रीत मरते, म्हणून मी एकाऐवजी तीन बरण्या ठेवते आणि तिन्ही एकाच दिवशी कधीही साफ करत नाही. डॅफ्नियाचा मोठा फायदा असा की त्या गोड्या पाण्यातच जगतात, त्यामुळे न खाल्लेल्या पिसवा पिल्लांच्या डब्यात मरून पाणी नासवत नाहीत. आर्टेमियाचे तसे नसते. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात आलेली ती चिमुकली काही तासांतच मरतात, आणि मेलेली ती तशीच राहिली तर संध्याकाळपर्यंत डब्याला वास येतो.

आर्टेमिया काढण्याची माझी रीत आता ठरून गेली आहे. एअर पंप बंद करून बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवायची. रिकामी टरफले वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात, आणि नारिंगी पिल्ले बाटलीच्या ज्या बाजूला दिवा धरावा तिकडे गोळा होतात. तेवढाच नारिंगी ढग नळीने ओढून घ्यायचा, तलम कापडावर गाळायचा आणि गोड्या पाण्याने धुवायचा. टरफले आत गेली तर पिल्लांच्या आतड्यात अडकण्याची भीती असते, म्हणून घाई करायची नाही. आर्टेमिया उबल्यावर पहिल्या काही तासांत तिच्या अंगात सगळ्यात जास्त कस असतो. पुढे तिचा स्वतःचा बलक संपत जातो आणि ती नुसती हलणारी पोकळ वस्तू होते. त्यामुळे मी दोन बाटल्या एका दिवसाच्या अंतराने लावते, म्हणजे रोज ताजा माल हाती येतो.

पिल्लाला पहिल्यांदा खाताना पाहणे हा माझ्या या सगळ्या उद्योगातला सर्वांत आवडता प्रसंग आहे. ते तळाशी निपचित असते. एक नारिंगी ठिपका त्याच्या नाकासमोरून लटपटत जातो. पिल्लाचे डोके केसभर वळते, मग पुन्हा काही नाही, आणि मग ठिपका एकाएकी नाहीसा होतो. जबडा उघडलेला आपल्याला दिसतच नाही, कारण ते पाण्यासकट घास आत ओढून घेते आणि हे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. पाच मिनिटांनी काचेसारख्या पोटातून नारिंगी गोळा स्पष्ट दिसू लागतो. रोज सकाळ-संध्याकाळ मी डब्यावर दिव्याचा झोत टाकून नुसती पोटे पाहते. ज्याचे पोट नारिंगी नाही, ते पिल्लू त्याच क्षणी वेगळ्या वाटीत जाते.

पाण्याबद्दल लिहावे तितके थोडे, पण ते बहुतेक माशांच्या टाकीसारखेच असल्याने मी आवरते घेते. घाण कुजून पाण्यात साठणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषे शून्य हवीत. त्यासाठी मी चाचणीचे थेंब वापरते आणि डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, कारण अमोनिया असलेले पाणीही आरशासारखे स्वच्छ दिसू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्यावर ठेवून उडून जाते, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, उडत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेले द्रावण घालावे लागते, आणि त्यातून सुटणाऱ्या अमोनियाचाही विचार करावा लागतो. पिल्लांना मी मोठ्या टाकीत ठेवत नाही. अगदी मंद स्पंज फिल्टरच्या प्रवाहातही ती दमतात आणि घास चुकवतात. पाच-सहा सेंटिमीटर पाणी, तळाशी खडी किंवा वाळू नाही, एखादी शेवाळाची जुडी, आणि एका डब्यात दहा पिल्ले. दिवसातून एकदा ड्रॉपरने तळाची घाण टिपून घ्यायची आणि निम्मे पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलायचे. तापमानाचा मोह आवरावा लागतो. ऊब दिली तर पिल्ले भरभर वाढतात हे खरे, पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, घाण लवकर कुजते, आणि अल्पाइन न्यूटसारख्या थंड पाण्यातल्या जातीला २४-२५ अंशांच्या पुढे तर जगणेच अवघड होते. मी १६ ते १८ वर थांबते. एका उकाड्याच्या आठवड्यात बर्फाच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या डब्यांभोवती रचून बसावे लागले होते, आणि घरच्यांनी तेव्हा केलेली थट्टा अजून थांबलेली नाही.

बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात. न्यूट आणि त्यांचेच भाईबंद असलेले सॅलॅमँडर यांचे उलटे, पुढचे आधी. मागचे पाय पूर्ण व्हायला कित्येक आठवडे लागतात. नेमक्या याच काळात एका सकाळी मला एक पिल्लू तीन पायांचे दिसले, दुसऱ्याचा एका बाजूचा कल्ला कुरतडलेला होता, आणि तिसऱ्याच्या शेपटीचे टोक शेजाऱ्याच्या तोंडाबाहेर लोंबत होते. भूक लागली की हलणारे काहीही घास ठरते, भावाचा पायसुद्धा. यावर उपाय दोनच: भरपेट अन्न, आणि आकाराप्रमाणे वाटणी. दर चार दिवसांनी मी सगळी पिल्ले पांढऱ्या ताटलीत काढून मोठी, मधली आणि लहान अशी वेगळी करते. एकाच डब्यात एक जरी पिल्लू इतरांहून दीडपट झाले, तरी ते पाहता पाहता दुप्पट होते, आणि कशावर वाढले ते मोजदादीत कळते.

तीन पायांच्या त्या पिल्लाला मी वाटीत वेगळे ठेवले. आठवड्याभरात जखमेच्या जागी पारदर्शक टेंगूळ आले, मग त्याची सपाट वल्ह्यासारखी चकती झाली, मग तिच्या कडेला बोटांच्या खाचा पडल्या, आणि काही आठवड्यांत पाय असा पुरा झाला की कोणता गेला होता ते माझ्या वहीत पाहून सांगावे लागले. इटलीतील लाझारो स्पालान्झानी यांनी १७६८ साली सॅलॅमँडरचे तुटलेले पाय आणि शेपूट पुन्हा येतात हे लिहून ठेवले, आणि त्यावर संशोधन आजही चालू आहे. वाटीतले ते टेंगूळ पाहताना मला मात्र प्रथम हेच वाटले होते की त्यावरही बुरशी धरली.

सुमारे तीन महिन्यांनी रूपांतरणाचे दिवस आले, आणि या टप्प्याची पूर्वतयारी मी दोन्ही वर्षी अपुरी केली. खुणा तशा स्पष्ट असतात: कल्ल्यांची पिसे आखूड होत जातात, शेपटीवरचा पडदा उतरतो, कातडी खरखरीत आणि गडद होते, पिल्लू वारंवार वर येऊन हवा गिळते आणि खाणे सोडते. हे सगळे चार-पाच दिवसांत उरकू शकते. कल्ले गेलेल्या पिल्लाला पाण्याबाहेर येण्यासाठी पायऱ्या हव्या असतात. पहिल्या वर्षी मी डब्यात एक गुळगुळीत दगड ठेवला होता. त्याची कड उभी होती आणि एक पिल्लू त्याच्याच पायथ्याशी बुडून मेले. पाण्यात जन्मलेला जीव पाण्यात बुडतो, हे पटायला मला वेळ लागला. आता खुणा दिसताच मी पाणी दोन सेंटिमीटरवर आणते, डबा एका बाजूने तिरपा ठेवते आणि वरच्या बाजूला ओल्या शेवाळाचा थर देते. दुसऱ्या वर्षीची चूक झाकणाची. ओल्या अंगाचे छोटे न्यूट उभ्या काचेवर चालत जातात, आणि झाकणाच्या कोपऱ्यातली वायरसाठीची फट त्यांना दरवाजाएवढी असते. एक पिल्लू मला टेबलामागे सुकलेल्या पानाच्या देठासारखे सापडले. ती फट आता स्पंजाने बंद आहे.

जमिनीवर आल्यावर अन्नाचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चार सेंटिमीटरच्या या जिवांना ओल्या मातीतले उडीकीटक, पंख नसलेल्या जातीच्या फळमाश्या आणि पांढऱ्या बारीक कृमी लागतात, आणि या तिन्हींच्या पैदाशी पिल्ले पाण्यात असतानाच लावून ठेवाव्या लागतात, कारण उडीकीटकांची बरणी भरायला महिना तरी लागतो. ही मंडळी पुढची दोन-तीन वर्षे प्रामुख्याने जमिनीवर दडून काढतात आणि मग वयात येऊन पाण्याकडे परततात. दुसऱ्या वर्षी माझी ३१ पिल्ले या टप्प्याला पोचली. त्यांपैकी बरीचशी ओळखीच्या पाळणाऱ्यांकडे गेली, पण एकही बाहेरच्या तळ्यात गेले नाही. पाळीव उभयचरांसोबत येणारे रोग निसर्गात पोचले तर किती महागात पडते, हे बीसॅल या बुरशीने दाखवून दिले आहे. नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरना जवळजवळ संपवणाऱ्या या बुरशीची ओळख २०१३ साली पटली. तेव्हापासून मी डब्यांतले पाणीही निर्जंतुक केल्याशिवाय टाकून देत नाही, आणि प्रत्येक डब्याचा ड्रॉपर वेगळा ठेवते.

मध्यंतरी मला फायर सॅलॅमँडरची सहा पिल्लेही सांभाळायला मिळाली होती. त्यांची मादी अंडी घालत नाही. चारही पाय असलेली, तीन सेंटिमीटरच्या आसपासची पिल्ले ती थेट पाण्यात सोडते. प्रत्येक पायाच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका, ही त्यांची ओळख. ती पहिल्याच दिवशी डॅफ्निया गट्ट करत होती आणि आर्टेमियाचा सगळा व्याप वाचला, पण एकमेकांचे पाय तोडण्यात ती न्यूटच्या पिल्लांना भारी होती, त्यामुळे सहा पिल्लांना सहा डबे लागले.

दुसऱ्या वर्षीच्या न्यूटपैकी एकाने मात्र कल्ले सोडलेच नाहीत. अल्पाइन न्यूटमध्ये असे घडते. काही तळ्यांत तर कल्ले न सोडताच प्रौढ होणारे न्यूट आढळतात. मेक्सिकोतला अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर तर यासाठीच प्रसिद्ध आहे. १८६४ साली पॅरिसला आणलेल्या अ‍ॅक्सोलॉटलांच्या पिल्लांतली काही कल्ले सोडून जमिनीवर आली, तेव्हा कुठे अभ्यासकांना उमगले की आपण ज्याला पूर्ण वाढलेला प्राणी समजत होतो ते कल्लेवाले रूप म्हणजे खरे तर डिंभावस्था आहे. माझ्या पठ्ठ्याचे भाऊबंद शेवाळाखाली गेले, त्यांना नवी घरे मिळाली, थंडी आली आणि गेली, तरी हा आपला तळाशी बसून कल्ले हलवत होता. पाणी कमी करून त्याला बाहेर ढकलावे असा सल्ला मला मिळाला, तो मी ऐकला नाही. आता त्याच्या मादीपणाच्या खुणा दिसू लागल्या आहेत, आणि परवा तिच्या डब्यातले शेवाळाचे एक पान मधोमध दुमडलेले होते. आत अंडे नव्हते; तरी आर्टेमियाची बाटली मी धुऊन ठेवली आहे.